सोळा नंबरची जर्सी

2025 च्या गणपतीतल्या शनिवारी टोरोंटोजवळच्या मिसिसागाला मैत्रिणीकडे आरतीला गेले होते. तळघरातला सोफा भिंतीला सरकवून सतरंजी अंथरलेली, कापराच्या धुरानं अलार्म वाजू नये म्हणून खिडकी सताड उघडी, आणि बाहेरून येणारी ऑगस्टच्या अखेरीची ती इथली हवा. उन्हाळा असतो, पण तो संपत आलाय हे अंगाला कळतं. माझ्या पुढ्यात मैत्रिणीचा अकरा वर्षांचा मुलगा झांज घेऊन उभा होता. बाकीची पोरं कुडत्यात, हा एकटा टोरोंटो मेपल लीफ्स या आइस हॉकी टीमच्या निळ्या जर्सीत. पाठीवर ठसठशीत पांढरा सोळा. सोळाच्या वर जिथं आडनाव असतं तिथं मात्र हॉकीच्या स्टिकला गुंडाळतात ती पांढरी कापडी टेप लावलेली. एकावर एक दोन थर, काळजीपूर्वक, सरळ रेषेत. एक-दोन धुण्यांनी तिच्या कडा वळल्या होत्या, धागे सुटले होते, आणि डाव्या टोकाला ‘एम’चा एक पाय बाहेर आला होता.

त्याची आजी सांगलीहून सहा महिन्यांसाठी आलीय. तिनं विचारलं, “नाव का रे झाकलंयस बाळा?” तो म्हणाला, “आजी, तो आता आपला नाही. वेगासचा झाला.” “मग त्याची जर्सी कशाला घालतोस?” “जर्सी त्याची नाही, लीफ्सची आहे.” एवढं बोलून त्यानं झांज सावरली आणि आरती सुरू झाली. मी टाळ्या वाजवत होते, पण नजर पुन्हा पुन्हा त्या बाहेर आलेल्या पायाकडे जात होती. गेल्या वर्षी याच घरात, याच मुलानं मला मार्नरचे पास हातवारे करून दाखवले होते. पक, म्हणजे हॉकीतली ती चपटी रबरी चकती, कशी दोन खेळाडूंच्या मधून, बर्फाला जेमतेम टेकत जातो, ते सांगताना त्याचा चेहरा उजळला होता. आणि आता दोन थर टेप.

ही गोष्ट मनातून जाईना.

मिच मार्नर कोण हे टोरोंटोत कुणाला सांगावं लागत नाही. मार्कहमला जन्मलेला, थॉर्नहिलला वाढलेला, म्हणजे आमच्याच पंचक्रोशीतला पोरगा. 2015 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, चौथा. लीफ्सकडून 657 सामने, 741 पॉइंट्स (गोल आणि गोलाला दिलेले पास मिळून). 2025 च्या 1 जुलैला तो वेगास गोल्डन नाइट्सचा झाला; आठ वर्षं, 96 मिलियन डॉलर. त्या दिवशी कॅनडा डेची सुट्टी होती. लोक बार्बेक्यू करत होते आणि फोनवर एकमेकांना पाठवत होते, बरं झालं गेला, ब्याद टळली. मला वाईट वाटत होतं. राग येत होता. आणि थोडं सुटल्यासारखंही वाटत होतं, हे लपवून काय करू? नऊ सीझन एकाच माणसावर रोज रात्री चालणारा तो खटला निदान संपला होता.

पण लोकांनी निकाल चुकीचा दिला असं मला तेव्हाही वाटत होतं, आजही वाटतं.

मी या टीमची झाले ती मे 2013 मध्ये. तेव्हा मी संध्याकाळच्या शिफ्टला होते. जेवणाच्या खोलीत भिंतीवर एक टीव्ही होता आणि त्या रात्री तिथं उभं राहायला जागा नव्हती. लीफ्स नऊ वर्षांनी प्लेऑफमध्ये, म्हणजे सीझननंतरच्या बाद फेरीत, आले होते, बॉस्टनमध्ये मालिकेतला सातवा, निर्णायक सामना, आणि तिसऱ्या सत्रात आपण 4-1 नं पुढे. मला नियम धड कळत नव्हते, पण खोलीतला आवाज कळत होता. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर लहानपण गेलेल्या माणसाला तो आवाज कुठल्याही भाषेत कळतो. मग बॉस्टननं एक फेडला. शेवटच्या दीड मिनिटात गोली (गोलकीपर) काढून घेऊन, त्याच्या जागी जादा खेळाडू उतरवून दोन फेडले. ओव्हरटाइममध्ये बॉस्टनच्या बर्जरॉननं पाचवा गोल मारला आणि 5-4. खोली एकदम गप्प. एक वयस्कर सहकारी होता, निळी लीफ्सची टोपी घालायचा. त्यानं टोपी काढून टेबलावर ठेवली, तिच्याकडे बघत बसला, मग उचलून पुन्हा डोक्यावर घातली आणि कामाला गेला. दुसऱ्या दिवशी तीच टोपी. मी मनात म्हटलं, हे माणूस ज्याच्यासाठी करतंय ते मला बघायचंय.

कोल्हापूरचं सांगितल्याशिवाय पुढं जाता येणार नाही. आमच्याकडे फुटबॉल पेठेचा, तालमीचा. टीम निवडायची नसते. ज्या पेठेत पाळणा हलला तिची ती टीम. मामा मला गॅलरीत घेऊन बसायचा. ऊन तापलेल्या सिमेंटचे चटके, कागदाच्या पुडीतले शेंगदाणे, हलगी, आणि गोल झाला की मातीसकट उठणारा तो गलका. एका फायनलला आमच्या गोलकीपरच्या दोन पायांमधून बॉल गेला. साधा बॉल, लहान पोरानं अडवला असता. दुसऱ्या दिवशी सकाळी तोच गोलकीपर नेहमीसारखा सायकलवर किटल्या लावून आमच्या दारात दूध घालायला आला. आजीनं त्याला ओसरीवर बसवलं, चहा दिला आणि तोंड भरून शिव्या दिल्या. तो खाली मान घालून चहा प्याला, शिव्या ऐकल्या, किटली उचलली, पुढच्या घरी गेला. तिथंही तेच झालं असणार. पुढच्या सामन्याला तोच गोलात होता आणि त्याच्यासाठी ओरडणाऱ्यांत आजीचा लेक सगळ्यात पुढे.

टोरोंटोत हे असं होऊ शकत नाही, हे मला माहीत आहे. इथं टीम पेठेची नाही, कंपनीची आहे. रॉजर्स आता तिचे मोठे मालक आहेत. खालच्या रांगांतल्या महागड्या खुर्च्या मध्यंतरानंतर कितीतरी वेळ रिकाम्या असतात, कारण तिकीट ज्यांच्या ऑफिसनं काढलेलं असतं ते आत गप्पा मारत असतात. खरे ओरडणारे वरच्या छताला टेकलेल्या रांगांत, नाहीतर बाहेरच्या चौकात मोठ्या पडद्यासमोर. खेळाडू कुणाच्या दारात दूध घालायला येत नाही. त्याच्या तोंडावर बोलायची सोय नसली की माणूस पाठीवर बोलतो, आणि पाठीवर बोललेलं कुठंच थांबत नाही.

2025 च्या 18 मेला मी त्या चौकात होते. फ्लोरिडाविरुद्ध सातवा सामना, घरच्या मैदानावर. पहिले दोन सामने जिंकून आपण पुढे गेलो होतो, मग तीन हरलो, सहावा त्यांच्या घरी जाऊन 2-0 नं जिंकलो. म्हणजे आशा पुन्हा गळ्यापर्यंत आलेली. माझ्या शेजारी एक शीख बाप-लेक होते, दोघांच्या पगड्या लीफ्सच्या निळ्या. बाप फोनवर पंजाबी कॉमेंट्री लावून बसला होता. ती कॉमेंट्री 2008 पासून इथं होते, आणि मला ती इंग्रजीपेक्षा जास्त आवडते. गोलाच्या वेळी तिच्यात जो जोर येतो तो आपल्या कुस्तीच्या फडातला. पण त्या रात्री दुसऱ्या सत्रात फ्लोरिडानं तीन गोल घातले आणि तो फोनसुद्धा बारीक झाला. तिसऱ्या सत्रात मॅक्स डोमीनं एक फेडला, चौक उसळला, आणि मिनिटाच्या आत फ्लोरिडानं परत मारला. शेवटी 6-1. पडद्यावर दिसत होतं, आत लोक हुर्यो उडवतायत, आणि बेंचवर मार्नर आपल्याच सहकाऱ्यांवर ओरडतोय, जागे व्हा म्हणून. चौकातून कुणीतरी त्याच्या नावानं शिवी हासडली. त्या पोरानं बापाकडे बघितलं. बापानं नुसता त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

त्याच्या तीनच महिने आधी, फेब्रुवारीत, हाच मार्नर अख्ख्या देशाचा लाडका होता. चार देशांच्या ‘फोर नेशन्स’ स्पर्धेत स्वीडनविरुद्ध ओव्हरटाइमचा गोल त्याचा. अमेरिकेविरुद्धच्या फायनलमध्ये ओव्हरटाइमला कॅनडाच्या मॅकडेव्हिडनं जो गोल मारला, त्याला पास मार्नरचा. ते दिवस आठवा. कॅनडा म्हणजे अमेरिकेचं एक्कावन्नावं राज्य असली भाषा रोज कानावर पडत होती, आणि त्या रात्री आमच्या बिल्डिंगमध्ये, जिथं हॉकीशी काही देणंघेणं नसलेले लोकही राहतात, बाल्कन्यांतून ओरडणं ऐकू आलं. पक कोपऱ्यातून काढून, मान वर न करता, समोरच्या मोकळ्या जागेत उभ्या असलेल्या माणसाच्या स्टिकवर ठेवणं: मार्नर हे असं करतो की बघणाऱ्याला वाटतं जागा आधीपासूनच तिथं होती. ती नसते. तो बचाव करणाऱ्याला खांद्याच्या एका हिसक्यानं हलवतो आणि त्यानं सोडलेल्या वीतभर फटीतून पक जातो. आपला एक खेळाडू दंड भोगायला बाहेर बसलेला असताना बचाव करतानाही तसाच; समोरच्याची स्टिक खालून अलगद उचलायची आणि त्याला कळायच्या आत पक घेऊन पसार व्हायचं. मी टीव्हीसमोर उभी राहायचे.

आता दुसरी बाजूही मांडते, कारण ती खोटी नाही. 2021 मध्ये मॉन्ट्रियलविरुद्ध 3-1 नं पुढे असताना आपण ती मालिका घालवली, आणि सहाव्या सामन्यात मार्नरनं पक काचेपलीकडे भिरकावून दंड ओढवून घेतला, त्याच दंडावर त्यांनी गोल केला. निर्णायक सामन्यात तो कडेकडेनं खेळायचा, गोलीच्या तोंडावरच्या धक्काबुक्कीत शिरायचा नाही. हे मी बघितलंय आणि मलाही ते सलायचं. पण 2019 पासूनच्या नुसत्या निर्णायक सामन्यांचे निकाल एकाखाली एक लिहून बघा. 2019, बॉस्टन, 5-1. 2020, कोलंबस, 3-0. 2021, मॉन्ट्रियल, 3-1. 2022, टँपा, 2-1. 2024, बॉस्टन, ओव्हरटाइममध्ये 2-1. 2025, फ्लोरिडा, 6-1. सगळे हरलेले. सहा सामने, आणि लीफ्सचे मिळून गोल पाच. एक टव्हारेसचा, दोन नीलँडरचे, एक रायलीचा, एक डोमीचा. लीफ्सच्या ज्या मॅथ्यूजनं एका सीझनमध्ये 69 गोल केले त्याचा त्यात एकही नाही. म्हणजे एकट्या सोळा नंबरनं काय केलं हा प्रश्न विचारून उत्तर सापडणारच नाही. सगळी टीमच अशा रात्री आटते, आणि वर्षानुवर्षं आटते, तर तिची बांधणी कुणी आणि कशी केली ते बघायला हवं.

माझं मत विचाराल तर मूळ दुखणं 2018-19 चं आहे. चार फॉरवर्डना चार मोठे करार दिले. टीमच्या एकूण पगारावर लीगनं घातलेली मर्यादा दरवर्षी वाढत जाईल आणि हे पैसे हळूहळू हलके वाटू लागतील असा हिशोब होता. कोविड आला आणि ती मर्यादा 81.5 मिलियनवर गोठली. 2023-24 पर्यंत ती जेमतेम 83.5 झाली होती आणि त्यातले 40 मिलियनहून जास्त एकट्या चौघांचे: मॅथ्यूज, टव्हारेस, मार्नर, नीलँडर. उरलेल्या पैशात बचाव, गोली, तिसरी-चौथी फळी, सगळं बसवायचं. दरवर्षी एक वर्षाच्या करारावर कुणी म्हातारा खेळाडू यायचा, कुणी जखमेतून उठलेला गोली यायचा, आणि उन्हाळ्यात जायचा. ऑक्टोबर ते एप्रिल हे चालून जातं. त्या काळात बर्फावर मोकळी जागा असते आणि हे चौघं तिच्यात नाचतात. एप्रिलनंतर पंच शिट्ट्या कमी वाजवतात, गोलीसमोरची जागा आखडते, फ्लोरिडासारखी टीम प्रत्येक पासमागे एक धक्का देते, आणि तेव्हा लागतात ती तिसऱ्या फळीतली दणकट, बिननावाची माणसं. ती विकत घ्यायला आपल्याकडे पैसेच उरलेले नसत. हा हिशोब करणारे वर केबिनमध्ये होते. हुर्यो मात्र बर्फावरच्या माणसाची उडाली.

आणि हे टोरोंटोनं पहिल्यांदा केलेलं नाही, म्हणून तर ती टेप जास्त सलते. लॅरी मर्फी 1995 मध्ये इथं आला. अनुभवी, शांत, डोक्यानं खेळणारा बचावपटू. त्याला इतकी हुर्यो की पकला हात लावला की गॅलरी सुरू. मार्च 1997 मध्ये त्याला जवळपास फुकटात डेट्रॉइटला देऊन टाकलं. त्यानं त्याच वर्षी स्टॅनली कप, म्हणजे लीगच्या विजेत्याचा कप, उचलला, पुढच्या वर्षी पुन्हा उचलला, आणि नंतर हॉल ऑफ फेममध्ये गेला. फिल केसल 2015 च्या उन्हाळ्यात पिट्सबर्गला गेला. 2016 आणि 2017, दोन कप. नाझेम काद्री, लंडन, ऑन्टारियोचा लेबनीज घरातला मुलगा, आपणच घडवलेला. त्याच्या हातून चुका झाल्या, प्लेऑफमध्ये दोनदा बंदी ओढवून घेतली, हे खरं. त्याला 2019 मध्ये कोलोराडोला पाठवलं. 2022 मध्ये त्यानं कप जिंकला आणि तो कप आपल्या गावातल्या मशिदीत घेऊन गेला. त्या गर्दीचे फोटो मी बराच वेळ बघत होते. परदेशातून आलेल्या आईबापांची पोरं त्या चांदीच्या भांड्याला हात लावत होती. तो दिवस लीफ्सच्या निळ्या रंगात व्हायला हवा होता, या एका गोष्टीचं दुःख मला त्या सगळ्या सातव्या सामन्यांपेक्षा जास्त आहे.

1967 नंतर कप नाही. तेव्हा लीगमध्ये सहा टीम होत्या. हा आकडा इथं इतक्यांदा उगाळला जातो की त्याचा राग येईनासा होतो. पण मला वाटतं या आकड्याचं ओझंच माणसांना खापर फोडायला एक डोकं शोधायला लावतं. इतक्या वर्षांची वाट एका रात्रीवर येऊन पडते, ती रात्र वाया जाते, आणि मग एवढ्या मोठ्या निराशेला कुठंतरी ठेवायला जागा लागते. मॅथ्यूज ॲरिझोनात वाढला. मार्नर घरचा. घरच्यावर राग काढणं सोपं असतं. जॉन टव्हारेसचंही बघा, तोही घरचाच. 2018 मध्ये इथं सही केली तेव्हा त्यानं लहानपणचा फोटो टाकला होता, लीफ्सच्या चादरीत झोपलेला मुलगा. तेव्हा लोकांनी डोळे पुसले. नंतर वर्षाला अकरा मिलियन घेतो म्हणून सात वर्षं त्यालाच बोल लावले. 2025 च्या जूनमध्ये तो साधारण 4.4 मिलियनवर, म्हणजे निम्म्याहूनही कमी पैशात, आणखी चार वर्षं राहिला. त्याला इथंच राहायचं होतं. मला त्या माणसाबद्दल फार माया वाटते.

डाउनटाउनला गेले की मी कधी कधी कार्ल्टन स्ट्रीटवरच्या किराणा दुकानात मुद्दाम जाते. ते दुकान जुन्या मेपल लीफ गार्डन्सच्या इमारतीत आहे. 1931 ते 1999 लीफ्स तिथं खेळले. सामानाच्या रांगांमध्ये, फरशीवर एक लाल ठिपका आहे. पूर्वी तिथं बर्फाचा मध्य होता. लोक त्यावरून ट्रॉल्या नेतात. मी हातात टोपली घेऊन तिथं थांबते आणि वर बघते. छत तेच नाही, गॅलऱ्या नाहीत, पण उंची कळते. आणि दरवेळी मला लीफ्सचा जुना बचावपटू बोर्ये सालमिंग आठवतो, ज्याला मी खेळताना कधीच बघितलं नाही.

सालमिंग 1973 मध्ये स्वीडनच्या अगदी उत्तरेकडच्या किरुनाहून आला. तेव्हा एनएचएलमध्ये, म्हणजे लीफ्स खेळतात त्या लीगमध्ये, युरोपचे खेळाडू जवळपास नव्हतेच. समोरच्या टीम त्याला ‘चिकन स्वीड’ म्हणायच्या, भित्रा म्हणून हिणवायच्या, स्टिकनं फोडून काढायच्या. तो पकसमोर आडवा पडायचा, उठायचा, पुन्हा पडायचा. 1986 मध्ये एका खेळाडूच्या स्केटनं त्याचा चेहरा उभा चिरला, दोनशेच्या वर टाके पडले, आणि तो पुन्हा खेळायला आला. सोळा सीझन तो इथं खेळला, एकही कप न जिंकता. आणि तरी टोरोंटोत त्याच्या नावानं माणसांचा आवाज अजून हलतो. नोव्हेंबर 2022 मध्ये तो शेवटचा इथं आला तेव्हा त्याला एएलएस हा स्नायू निकामी करत जाणारा आजार झाला होता. वाचा गेली होती, हात उचलत नव्हता. डॅरिल सिटलर, जुना कॅप्टन, जुना मित्र, त्याच्या शेजारी उभा होता. टाळ्या थांबेनात तेव्हा सिटलरनं त्याचा हात धरून वर उचलला आणि धरून ठेवला. सिटलर रडत होता. दुसऱ्या संध्याकाळी लीफ्सनं सामना सुरू करताना बर्फावर सगळे स्वीडिश खेळाडू उतरवले. बारा-तेरा दिवसांत सालमिंग गेला.

पण मला सालमिंगची जी गोष्ट सांगायची आहे ती त्याआधीची आहे, सप्टेंबर 1976 ची, त्याच इमारतीतली. कॅनडा कपची स्पर्धा होती. सालमिंग स्वीडनच्या जर्सीत, कॅनडाविरुद्ध खेळायला गार्डन्समध्ये आला. खेळाडूंची नावं पुकारायला सुरुवात झाली, त्याचं नाव आलं, आणि टोरोंटोचं पब्लिक उठून उभं राहिलं. समोर स्वतःचा देश खेळत असताना त्यांनी विरोधी जर्सीतल्या माणसासाठी टाळ्या वाजवल्या, आणि त्या थांबेनात. तो बर्फावर उभा, काय करावं कळत नाही असा. कारण साधं होतं. तो त्यांचा होता, त्या रात्री अंगात काहीही असलं तरी.

याच शहरानं ते केलंय. म्हणून मी म्हणते की हुर्यो हा टोरोंटोचा स्वभाव नाही, सवय आहे.

त्या मुलाच्या टेपबद्दल त्याच्या बापाशी बोलले. त्याचं म्हणणं सरळ होतं. नवी जर्सी महाग, शाळेत पोरं चिडवणार, टेप लावून टाकली. त्यात मी कुणाला दोष देणार? अकरा वर्षांच्या मुलानं वर्गात एकट्यानं मार्नरची बाजू लढवावी असं मी कोण सांगणारी? फक्त एवढंच वाटतं, ज्याच्याकडे बघून तो पास द्यायला शिकला त्याचं नाव झाकायला त्याला आपण मोठ्या माणसांनी शिकवलं. चौकात शिवी देणारा मोठा होता. बर्फावर जर्सी फेकणारे मोठे होते. पोरं आपल्याकडे बघत असतात.

2025-26 च्या टीमबद्दल म्हणाल तर मला उत्सुकताही आहे आणि धाकधूकही. टानेव्हसारखा सालमिंगच्या जातीचा बचावपटू आहे, जो पकसमोर आडवा पडतो. स्टोलार्झ आणि वोल, दोन चांगले गोली आहेत. बेरूबे कोच म्हणून कडक आहे आणि त्याला गोलीच्या तोंडावर जाणारे खेळाडू आवडतात. म्हणजे जी बांधणी दहा वर्षांपूर्वी करायला हवी होती ती आत्ता झालीय, आणि आत्ता पास देणारा गेलाय. मार्नरचे गेल्या सीझनचे 102 पॉइंट्स कुठून आणणार? मॅथ्यूज जखमी अंगानं खेळून गेल्या वर्षी 33 गोलांवर थांबला. त्याला पक कोण देणार? तिघाचौघांत ते काम वाटून घेऊ, असं सगळे म्हणतायत. दृष्टी वाटून घेता येते का, ते ऑक्टोबरात कळेल. मी पहिल्या सामन्यापासून बघणार, एवढं नक्की.

जानेवारी 2026 मध्ये वेगास इथं खेळायला येणार आहे. तिकिटं त्या रात्री परवडायची नाहीत, तरी वरच्या रांगेतलं एखादं मिळतंय का ते मी आत्तापासून बघतेय. मैत्रिणीला सांगून ठेवलंय, मिळालं तर दोन काढीन, पोराला सोबत पाठव, जर्सी कुठलीही घालू दे. मार्नरचं नाव पुकारलं की मी उठून उभी राहणार आणि हात दुखेपर्यंत टाळ्या वाजवणार, आजूबाजूला काहीही चाललेलं असो. मग पक पडेल, खेळ सुरू होईल. त्यानंतर मला टानेव्हनं त्याला काचेला असा दाबलेला हवाय की पास सुटायलाच नको, मॅथ्यूजचे दोन गोल हवेत, आणि लीफ्स जिंकायला हवेत, निदान तीनच्या फरकानं.